झडपा उघड्या असताना तिसरा आवाज येतो कुठून?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिक जिल्ह्यात इंटर्नशिप करणाऱ्या एका डॉक्टरांनी एकाच आठवड्यात दोन पेशंटच्या छातीवर तिसरा आवाज ऐकला. पहिला 19 वर्षांचा मुलगा, भरतीसाठी रोज पळणारा, पल्स 56. दुसऱ्या 64 वर्षांच्या आजी, बीपी आणि शुगर जुनी, जिना चढताना धाप लागते, पल्स 104. सरांनी मुलाला ‘काही नाही’ म्हणून सोडलं आणि आजींना त्याच दिवशी टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करायला सांगितला. इंटर्न विचारतात: ‘आवाज तोच, मग अर्थ उलटा कसा? आणि त्या वेळी मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधलं दार) उघडी असते, मग वाजतं काय?’

दुसरा प्रश्न आधी घेऊ. तो सुटला की पहिला निम्मा सुटतो.

पहिल्या वर्षापासून आपल्या डोक्यात बसलेलं असतं की हृदयाचा आवाज म्हणजे दार लागल्याचा आवाज. ‘लब्‌’ (पहिला आवाज, एस-वन) म्हणजे वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या मायट्रल आणि ट्रायकस्पिड झडपा लागल्या, ‘डप्‌’ (दुसरा, एस-टू) म्हणजे हृदयातून बाहेर जाण्याच्या वाटेवरच्या एओर्टिक आणि पल्मोनरी लागल्या. म्हणून तिसरा आवाज आला की आपण तिसरं दार शोधू लागतो. तसं दार नाही. तिसरा आवाज (एस-थ्री) आणि चौथा (एस-फोर) हे दोन्ही हृदय भरत असतानाचे आवाज आहेत. वेगाने आत येणारं रक्त आणि त्याच्याबरोबर पसरणारी भिंत एका क्षणी थबकतात, आणि त्या थबकण्याचा झटका आपल्याला ऐकू येतो. विहिरीत बादली सोडताना दोर सैल सुटत असतो तोवर काही जाणवत नाही, दोर संपला की हाताला हिसका बसतो. एस-थ्री हा तो हिसका आहे. 19 व्या शतकात पॅरिसचे डॉक्टर पोतँ यांनी गॅलपचं (जादा आवाजामुळे येणाऱ्या, घोड्याच्या टापांसारख्या तालाचं) कारण सांगताना झडपेकडे नव्हे, तर न ताणल्या जाणाऱ्या भिंतीकडे बोट दाखवलं होतं. आज इकोवर जे दिसतं ते त्या विचाराशी बरंचसं जुळतं.

आता हिसका नेमका कुठे बसतो ते पाहू. व्हेंट्रिकल (हृदयाचा खालचा कप्पा) भरतं म्हणजे पिशवीत पाणी ओतावं तसं भरतं, ही कल्पना आधी बाजूला ठेवा. आकुंचनात डावं व्हेंट्रिकल नुसतं आवळत नाही. ओलं फडकं पिळावं तसा त्याला पीळ पडतो, आणि मायट्रल झडपेची रिंग साधारण 12 ते 15 मिलिमीटर खाली, टोकाच्या दिशेने ओढली जाते. सिस्टोल, म्हणजे आकुंचन, संपतो तेव्हा ते दाबून धरलेल्या स्प्रिंगसारखं असतं. एओर्टिक झडप लागते, म्हणजे एस-टू होतो, आणि स्प्रिंग सुटते. पीळ उलगडतो, दाब झपाट्याने पडतो. सुमारे 70 ते 100 मिलिसेकंदांत व्हेंट्रिकलमधला दाब एट्रियमपेक्षा (वरच्या कप्प्यापेक्षा) खाली जातो आणि मायट्रल उघडते. त्याच वेळी रिंग परत वर, एट्रियमकडे उसळते. म्हणजे रक्त खाली येतंय आणि रिंग त्याच्यावरून वर सरकतेय. व्हेंट्रिकल रक्त अक्षरशः ओढून घेतं. भरण्याचा हा सर्वांत वेगवान टप्पा. निरोगी तरुण हृदयात एका ठोक्याला साधारण 70 मिलिलिटर रक्त आत येतं, त्यातलं बहुतांश याच टप्प्यात. मग थोडी शांतता असते, आणि शेवटी एट्रियम आकुंचन पावून उरलेलं 20 ते 30 टक्के आत ढकलतो.

वेगवान टप्पा संपतो तिथे भिंतीचं लांबीच्या दिशेने पसरणं अचानक थांबतं. आत येणाऱ्या रक्ताला गती असते, ती कुठेतरी जिरायला हवी. भिंत, तंतू आणि आतलं रक्त मिळून काही क्षण थरथरतात. ही थरथर साधारण 25 ते 50 हर्ट्झची, एस-टूनंतर 0.12 ते 0.18 सेकंदांनी. हाच एस-थ्री. इकोवर ई-वेव्हचा (वेगवान भरण्याच्या लाटेचा) उतार जिथे असतो, तिथेच तो सापडतो.

म्हणजे आवाज ऐकू येईल की नाही, हे दोन गोष्टींवर ठरतं: रक्त किती वेगाने आत आलं, आणि ते किती झटकन अडलं. आता तुमचे दोन पेशंट शेजारी शेजारी ठेवा.

मुलाचं व्हेंट्रिकल लवचीक आहे, जोरात सैल होतं आणि जोरात ओढतं. पल्स 56 म्हणजे एका ठोक्याला एक सेकंदाहून जास्त वेळ, त्यामुळे प्रत्येक ठोक्याला रक्तही भरपूर येतं. छातीची भिंत पातळ. वेगामुळे झटका बसतो आणि तो आपल्या कानापर्यंत पोहोचतो. एट्रियममधला दाब मात्र नॉर्मल असतो.

आजींचं व्हेंट्रिकल नीट सैल होत नाही, ओढ कमी झालेली आहे. मग वेग आला कुठून? मागून. एट्रियममधला दाब वाढलेला असतो, आणि झडप उघडताच तो रक्त आत लोटतो. आत आधीचंच बरंच रक्त उरलेलं, भिंत ताठ, जागा थोडी. रक्त येतं आणि लगेच अडतं. इकोवर अशा वेळी ई-वेव्हचा डिसेलरेशन टाइम (ती लाट ओसरायला लागणारा वेळ) 150 मिलिसेकंदांच्या खाली आलेला दिसतो, आणि रिंगचा ई-प्राइम (भरताना वर उसळण्याचा) वेग कमी असतो. मुलामध्ये ई-प्राइम छान उंच असतो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर या एका फरकात आहे: मुलाचं हृदय रक्त ओढतं, आजींच्या हृदयात ते लोटलं जातं. अडण्याचा हिसका दोन्हीकडे सारखा, म्हणून कानाला आवाज सारखा. नुसत्या आवाजावरून दोन्हींत भेद करू पाहणं चुकीचं आहे, तो भेद आवाजात नसतोच. तो वयात, मानेच्या शिरेत, फुप्फुसाच्या तळाशी आणि धापेच्या इतिहासात असतो.

इथे थोडं सावध बोलावं लागेल, कारण मधली बरीच माणसं असतात. पुस्तकात 40 वर्षांची रेघ दिलेली असते, त्याआधीचा एस-थ्री साधा आणि नंतरचा आजाराचा, पण ती पक्की भिंत नाही. गरोदर बाईत एस-थ्री अगदी सामान्य आहे. ताप, थायरॉइड वाढलेला, तीव्र ॲनिमिया, या सगळ्यांत प्रवाहच वाढतो आणि व्हेंट्रिकल धडधाकट असूनही एस-थ्री येतो. पेठ, सुरगाण्यासारख्या आदिवासी तालुक्यांतल्या पेशंटमध्ये हिमोग्लोबिन न पाहता एस-थ्रीचा अर्थ लावू नका. सहा ग्रॅम हिमोग्लोबिनची, आठव्या महिन्याची बाई आणि तिच्या एपेक्सवरचा (हृदयाच्या टोकावरचा) एस-थ्री, याचा अर्थ आधी रक्ताच्या बाजूने लावायचा असतो. तरीही तिला धाप असेल, झोपून श्वास घेता येत नसेल, तर ‘गरोदरपणात असतंच’ म्हणून सोडून द्यायचं नाही. गरोदरपणाच्या शेवटी आणि बाळंतपणानंतरच्या महिन्यांत हृदयाचा स्नायू खरोखर दुबळा पडण्याचा आजारही असतो. मायट्रल झडप गळत असेल तर परत आलेलं रक्तही पुढच्या ठोक्याला आत शिरतं, त्यामुळे एस-थ्री केवळ जादा रक्ताचा असू शकतो आणि पंपिंग तोवर ठीक असू शकतं. उलट एओर्टिक झडप आकसलेल्या पेशंटमध्ये एस-थ्री आला तर ते व्हेंट्रिकल थकल्याचं लक्षण समजा. हार्ट अटॅकच्या पेशंटमध्ये तर 1967 पासून वापरात असलेल्या, अटॅकची तीव्रता चार वर्गांत मांडणाऱ्या किलिप वर्गीकरणात एस-थ्री ऐकू आला की पेशंट थेट दुसऱ्या वर्गात जातो. एवढं वजन त्याला आहे.

एस-फोरची गोष्ट सोपी आहे. तो एस-वनच्या जरा आधी येतो, एट्रियमच्या शेवटच्या ढकलण्याचा. व्हेंट्रिकल ताठ असेल तर एट्रियम जास्त जोर लावतो, आणि ते रक्त ताठ भिंतीवर आदळून अडतं. वर्षानुवर्षांच्या बीपीने जाड झालेली भिंत, एओर्टिक स्टेनोसिस (आकसलेली झडप), हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी (हृदयाचा स्नायूच जाड होण्याचा आजार), आणि छातीत दुखत असताना रक्त न मिळाल्याने तात्पुरता ताठरलेला स्नायू, ही त्याची नेहमीची ठिकाणं. म्हाताऱ्या माणसात सौम्य एस-फोर कधी कधी दुसरं काही नसतानाही सापडतो. तो हाताला लागण्याइतका ठळक असेल, तर मात्र सोडू नका.

ही सगळी मांडणी खरी कशावरून? दोन ठिकाणी ती पडताळून पाहता येते. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये पल्स अनियमित असते आणि एट्रियम नुसता थरथरतो, नीट आकुंचनच पावत नाही, म्हणून तिथे एस-फोर कधीच येत नाही. अशा पल्सवर कुणी ‘एस-फोर गॅलप’ लिहिलेलं दिसलं तर काहीतरी चुकलंय. दुसरं ठिकाण घट्ट मायट्रल स्टेनोसिसचं. दारच अरुंद, रक्त वेगाने व्हेंट्रिकलभर पसरू शकत नाही, म्हणून डाव्या बाजूचा एस-थ्री येत नाही. स्टेनोसिससोबत एस-थ्री ऐकू आला असं वाटलं, तर बहुतेक वेळा तो ओपनिंग स्नॅप (आकसलेली झडप उघडतानाचा आवाज) असतो, किंवा एस-थ्री उजव्या बाजूचा असतो, नाहीतर स्टेनोसिस वाटतो तितका घट्ट नसतो. झडपा आकसवणारा ऱ्हुमॅटिक हृदयरोग आपल्याकडे अजून इतका आहे की ही गल्लत रोजची आहे.

आता वेगाचा मुद्दा, कारण आजींची पल्स 104 होती. पल्स 75 असताना एक ठोका 0.8 सेकंदांचा. त्यात सिस्टोल साधारण 0.3, डायस्टोल (भरण्याचा काळ) 0.5. एस-थ्री डायस्टोलच्या सुरुवातीला, एस-फोर शेवटी, मध्ये भरपूर मोकळी जागा. पल्स वाढली की सिस्टोल थोडाच आखडतो, जास्त कात्री डायस्टोलला लागते. 104 ला ठोका 0.58 सेकंदांचा, डायस्टोल जेमतेम 0.3. 120 च्या आसपास ती मधली शांतता संपते आणि वेगवान भरणं आणि एट्रियमचं ढकलणं एकमेकांवर येतं. मग दोन हलके आवाज मिळून एक मोठा आवाज होतो, कधी एस-वन आणि एस-टूपेक्षाही मोठा. याला समेशन गॅलप म्हणतात. अशा वेळी तो एस-थ्री की एस-फोर हे ठरवण्याचा हट्ट करू नका. ‘समेशन गॅलप, पल्स इतकी’ एवढं लिहा, आणि पल्स उतरल्यावर पुन्हा ऐका. पल्स उतरवण्यासाठी वयस्क माणसाच्या मानेवर कॅरोटिड (मानेतली मोठी धमनी) मसाज करू नका, नुसता आवाज ओळखायला तो धोका घ्यायचा नसतो.

ऐकण्याची पद्धत थोडी तपशिलात सांगतो, कारण बरेच एस-थ्री हातातच हरवतात. 25 ते 50 हर्ट्झ म्हणजे कानाच्या ऐकण्याचा अगदी तळ. नाशिक ढोल डोळ्यांपुढे आणा. पान सैल असलं की घुमतं, ताणलं की कडक वाजतं. एस-थ्री हा सैल पानाचा, दूरच्या गल्लीतून येणारा घुमारा आहे. कानापेक्षा छातीला आधी कळावा असा.

तो बेलने (स्टेथोस्कोपच्या वाटीसारख्या बाजूने) ऐकायचा, आणि बेल त्वचेवर जेमतेम टेकवायची. कडेने हवा शिरणार नाही इतकाच दाब. जोरात दाबली की खालची त्वचाच ताणून डायफ्राम (स्टेथोस्कोपचा ताणलेला पडदा) बनते आणि खालचे सूर गळून जातात. यातूनच हाताशी असलेली सर्वांत चांगली चाचणी मिळते: आवाज ऐकू येतोय, बेल हळूहळू दाबा, आवाज जाईल; बोट सैल करा, आवाज परत येईल. दाबूनही तो तसाच राहिला तर तो एस-थ्री किंवा एस-फोर असण्याची शक्यता कमी, दुसरं काहीतरी शोधा. तुमच्या स्टेथोस्कोपला वेगळी बेल नसेल आणि दाबावर बदलणारा डायफ्राम असेल, तरी हाच नियम: हलका हात म्हणजे खालचे सूर.

पेशंटला आधी उताणं झोपवून एपेक्स बोटाने शोधा. मग डाव्या कुशीवर वळवा, एपेक्स पुन्हा शोधा, ती जागा सरकलेली असते. बेल नेमकी तिथेच. वळल्यावरचे पहिले काही ठोके सर्वांत महत्त्वाचे, कारण हालचालीने परत येणारं रक्त वाढलेलं असतं आणि आवाज थोड्या वेळात मंदावतो. म्हणून स्टेथोस्कोप कानात घालूनच पेशंटला वळवा. श्वास सोडून थांबायला सांगा. आवाज हलका असेल तर मूठ घट्ट आवळायला लावा किंवा पाय वर उचलून धरा, दोन्हींनी तो वाढतो. छातीत दुखणाऱ्या किंवा धापेने बेजार पेशंटवर हे करायचं नाही. त्यांना 45 अंशांवर बसवून थोडं डावीकडे कलवलं तरी पुरतं.

पंखा बंद करा. वॉर्डातल्या पंख्याची घरघर आणि एस-थ्री एकाच पट्ट्यात असतात. डिसेंबर-जानेवारीच्या नाशिकच्या सकाळी पेशंट कुडकुडत असेल तर स्नायूंची थरथरही बेलमध्ये घुमते. खोली आणि बेल दोन्ही आधी कोमट करा, आणि स्वेटरवरून ऐकू नका. छातीवर दाट केस असतील तर थोडं पाणी लावा. फुगलेली फुप्फुसं असलेल्या विडीवाल्या पेशंटमध्ये एपेक्सवर काहीच येत नाही, तिथे छातीच्या हाडाच्या टोकाखाली, पोटाच्या वरच्या खोलगट भागात बेल ठेवून पाहा.

आवाज कुठला, हे ठरवायला एक हात कॅरोटिडवर ठेवा. नाडी उचलण्याच्या लगेच आधीचा आवाज एस-वन. मग स्टेथोस्कोप वर, दुसऱ्या इंटरकॉस्टल (बरगड्यांमधल्या) जागेत ठेवा, तिथे एस-टू मोठा असतो. त्याचा ताल कानात पक्का धरून एकेक इंच खाली एपेक्सकडे या आणि लक्ष फक्त एस-टूनंतरच्या जागेवर ठेवा. ‘लब्‌-डप्‌-धु’ असा शेपटीला लागलेला आवाज एस-थ्री. ‘धु-लब्‌-डप्‌’ असा आधी आलेला एस-फोर. कधी कान फसतो पण डोळा फसत नाही: एपेक्सवर टंग डिप्रेसरची पट्टी हलकी टेकवा आणि तिच्या मोकळ्या टोकाकडे बाजूने बघा. ठळक एस-फोर असेल तर प्रत्येक ठोक्याला टोक दोनदा उचललेलं दिसतं, आधी छोटी उचल, मग मोठी.

फसवणारे आवाज चार. दुभंगलेला एस-टू वरच्या बाजूला, पल्मोनरी जागेत स्पष्ट असतो, श्वासाबरोबर बदलतो आणि डायफ्रामने चांगला येतो. दुभंगलेला एस-वन एस-फोरसारखा वाटतो, पण दाबल्यावर जात नाही. ओपनिंग स्नॅप टोकदार आणि लवकरचा, एस-टूनंतर 0.04 ते 0.12 सेकंदांत, पाठोपाठ घरघरणारा मर्मर (रक्ताच्या खळबळीचा लांबट आवाज). चौथा पेरिकार्डियल नॉक, त्यावर थोडं थांबतो, कारण तो याच भरण्याच्या हालचालीचा सख्खा भाऊ आहे. टीबीनंतर पेरिकार्डियम (हृदयाभोवतीचं आवरण) कडक कवचासारखं झालं की व्हेंट्रिकल सुरुवातीला जोरात भरतं आणि एस-थ्रीच्याही आधी कवचावर अडतं. हिसका लवकर आणि भिंत कडक, म्हणून सूर वरचा: ताणलेल्या पानाचा ढोल. पोट फुगलेलं, पाय सुजलेले, मानेच्या शिरा भरलेल्या, ‘लिव्हरचा पेशंट’ म्हणून फिरणाऱ्या माणसात हा आवाज सापडला तर त्याचं निदान बदलू शकतं. तसंच, आवाज छातीच्या हाडाच्या डाव्या कडेला खाली आणि श्वास आत घेतल्यावर वाढत असेल, तर तो उजव्या व्हेंट्रिकलचा समजा.

आता तुमच्या पेशंटकडे. मुलगा पळतो, धाप नाही, मर्मर नाही, जेव्हीपी (मानेच्या शिरेतला दाब) आणि ईसीजी नॉर्मल, तर तपास तिथेच थांबतो. त्याला उठून उभं करा. रक्त पायांकडे गेलं की असा एस-थ्री बहुतेक वेळा मंदावतो किंवा जातो. पळताना चक्कर, बेशुद्धी, किंवा घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू, यांतलं काही असेल तर मात्र इको करायचाच. त्याला ‘हृदयात जादा आवाज आहे’ एवढंच अर्धवट सांगून घरी पाठवू नका. भरतीच्या उंबरठ्यावरच्या मुलाच्या आणि त्याच्या आईवडिलांच्या डोक्यात ते वाक्य कित्येक वर्षं राहतं.

आजींच्या बाबतीत सरांनी योग्य केलं. इकोची वाट पाहताना जेव्हीपी, फुप्फुसाच्या तळाचे क्रेप्स (श्वास घेतानाची चुरचुर), पायांची सूज, वजन, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि ईसीजी पाहून घ्या. जमत असेल तर एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी). शुगरच्या पेशंटमध्ये हार्ट अटॅक न दुखताही येतो, म्हणून ईसीजी लांबवू नका. छातीत दुखत असेल तर तो 10 मिनिटांच्या आत हवा. इकोमध्ये पंपिंग चांगलं निघालं तरी ‘एस-थ्री चुकीचा ऐकला’ असा निष्कर्ष लगेच काढू नका, मायट्रल किती गळते आणि भरण्याचे आकडे काय म्हणतात ते बघा. आणि उलट बाजूही ध्यानात असू द्या: हार्ट फेल्युअरच्या कित्येक पेशंटमध्ये एस-थ्री ऐकूच येत नाही. या वयात तो मिळाला तर वजनदार पुरावा, मिळाला नाही तर काहीच सुटका नाही.

केसपेपरवर नुसतं ‘एस-थ्री प्लस’ लिहू नका. असं लिहा: ‘एपेक्सवर, डाव्या कुशीवर, बेलने, श्वास सोडून, बेल दाबल्यावर जातो, पल्स 104, नियमित, बीपी इतका.’ औषधं सुरू झाल्यावर, पल्स 80 वर आल्यावर त्याच कुशीवर, त्याच जागी पुन्हा ऐका आणि त्याच ओळीखाली तारीख टाकून लिहा. लघवीच्या औषधाने एट्रियमचा दाब उतरला की रक्ताचा मागचा रेटा कमी होतो आणि आजींचा एस-थ्री काही दिवसांत विरूनही जाऊ शकतो.